पाच माणसं, तीन ठिकाणं आणि एक ओला मोजा

पत्र थोडक्यात: चार दिवसांची सुट्टी काढून आम्ही एका मोठ्या शहरात गेलो होतो. मी, नवरा, सासूबाई (वय 72, गुडघ्यांचा त्रास), 14 वर्षांची मुलगी आणि 8 वर्षांचा मुलगा. दोन दिवस छान गेले. तिसऱ्या दिवशी सकाळपासून पाऊस. सासूबाई म्हणाल्या, "मी इथेच खिडकीत बसते, तुम्ही जाऊन या." मला वाटलं रुसल्या, म्हणून आग्रह करून नेलं. पावसात बघता येतील अशी तीन ठिकाणं फोनवर शोधून ठेवली होती. पहिल्या ठिकाणी बाहेरच्या रांगेतच पाऊण तास गेला, दुसरं त्या वारी बंद निघालं, तिसरीकडे पोचेपर्यंत मुलाचे मोजे चिंब आणि मुलगी इअरफोन लावून गप्प. नवऱ्याचं एकच पालुपद, "पावसात कोण फिरतं?" रात्री हॉटेलच्या खोलीत कडाक्याचं भांडण झालं. आता पुढची सहल तोंडावर आहे, शाळेच्या सुट्ट्यांमुळे तारखा बदलता येत नाहीत आणि जाणार त्या शहरात तेव्हा पाऊस असतो. सहल रद्द करावी का? की पावसाळी दिवसासाठी तुम्ही एक पक्की यादी द्याल? आणि एवढं नियोजन करूनही असं झालं, म्हणजे माझंच काही चुकलं का?

उत्तर:

नमस्कार,

सहल रद्द करू नका. एवढं आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं निवांतपणे वाचाल.

यादीचं मात्र जरा थांबा. यादी त्या दिवशीही तुमच्याकडे होती. तीन ठिकाणं होती, तिन्हींवर छप्पर होतं, तरी दिवस अक्षरशः पाण्यात गेला. मी आणखी दहा ठिकाणं सुचवली तर फरक एवढाच पडेल की पुढच्या वेळी तुम्ही दहा ठिकाणी भिजाल.

तुमचं पत्र दुसऱ्यांदा वाचताना मी कागदावर एक हिशोब मांडला. तुम्ही नेमके भिजलात कुठे? आत गेल्यावर कुणीच भिजलं नाही. भिजलात ते रांगेत, टॅक्सी शोधताना, बंद दरवाजासमोर उभं राहून पाटी वाचताना आणि तिथून पुन्हा टॅक्सीकडे पळताना. हॉटेलवरून निघून हॉटेलवर परत येईपर्यंत चार प्रवास झाले. प्रत्येक प्रवासाला दोन टोकं. म्हणजे आठ वेळा पाच जणांनी छत्र्या उघडल्या नाहीतर मिटल्या, आठ वेळा सासूबाईंनी ओल्या पायरीवर पाय टाकण्याआधी कुणाचा तरी हात शोधला, आठ वेळा तुम्ही डोकी मोजली. कोरड्या दिवशी ही चढउतार लक्षातही राहत नाही. पावसात सगळा दिवस तिच्यातच खर्ची पडतो.

म्हणून पावसाळी दिवस आखताना मी ठिकाणं मोजत नाही, दारं मोजते. हॉटेलच्या दारातून निघायचं, दुसऱ्या एका दारात शिरायचं, तिथे तीन-चार तास काढायचे आणि परत यायचं. फार तर मध्ये एक थांबा, तोही पहिल्या जागेला लागून. जागा निवडताना ती किती नावाजलेली आहे हे शेवटी बघायचं. आधी बघायचं ते असं की स्टेशनातून बाहेर आल्यावर किती चालावं लागतं, आत बसायला बाकं आहेत का, काहीतरी खायला मिळतं का, स्वच्छतागृह कुठे आहे. निकष अगदीच बायकी संसारी आहेत असं तुमचे यजमान म्हणतील. म्हणू देत. रात्रीचं भांडण याच निकषांवरून झालेलं असतं, फक्त भांडताना विषय दुसरा असतो.

आता तुमच्या एका वाक्याकडे येते. "सकाळपासून पाऊस." कसला पाऊस? आपल्या भाषेत पावसाला एवढे शब्द आहेत ते काही नुसते कवितेसाठी नाहीत. सर वेगळी, झड वेगळी, भुरभुर वेगळी, आणि प्रत्येकीचा दिवस वेगळा आखावा लागतो.

सर येते ती एखाद्या उंच ढगातून, जोरात कोसळते आणि बहुधा अर्ध्यापाऊण तासात निघून जाते. सरीच्या दिवशी संग्रहालयात कोंडून घेणं म्हणजे चांगला दिवस वाया घालवणं. नेहमीसारखं फिरायचं, फक्त दर दहा मिनिटांच्या अंतरावर शिरायला एक आडोसा आहे ना, एवढं बघायचं. भुरभुरीचा थेंब अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक असतो. तो खाली पडण्याऐवजी वाऱ्याबरोबर तरंगत येतो, त्यामुळे छत्रीखाली उभं असलं तरी चष्मा ओला होतोच. अशा दिवशी टोपीचा रेनकोट चढवून खुशाल चालावं. दिवसभराची संततधार असेल तर मात्र एक छप्पर शोधून तिथेच मुक्काम ठोकायचा. आणि मुसळधार, त्यात वारा आणि विजा असतील, तर खोली सोडायची नाही. त्यावर चर्चाही नको.

अंदाज वाचताना एक गफलत जवळजवळ सगळ्यांची होते. फोनवर "60 टक्के" दिसलं की वाटतं, दिवसाचा 60 टक्के वेळ पाऊस पडणार, नाहीतर 60 टक्के जोरात पडणार. त्या आकड्याचा अर्थ एवढाच असतो की दिलेल्या वेळात तुम्ही आहात त्या जागी मोजण्याजोगा पाऊस पडण्याची शक्यता 60 टक्के आहे. तो पाच मिनिटं पडेल की पाच तास, हे त्यातून कळत नाही. त्यापेक्षा तासातासाचा अंदाज उघडून मिलिमीटर बघा. 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर 1 लिटर पाणी. मीटरभर रुंदीची छत्री उघडून उभे राहिलात आणि 10 मिलिमीटर पाऊस झाला, तर तिच्यावर जवळपास 8 लिटर पाणी पडलं. हेच पाणी दिवसभरात पसरून पडलं तर शहर फिरता येतं. अर्ध्या तासात पडलं तर ती छत्रीवर ओतलेली अर्धी बादली. शिवाय निघण्याच्या क्षणी फोनवर हवामानाच्या रडारचं चित्र बघायचं. उद्याचं सांगायला त्याचा उपयोग नाही, पण पुढच्या तासा-दोन तासांत ढग कुठे सरकतोय ते त्यात छान दिसतं. तुमच्या मुलाला हे काम द्या. आठ वर्षांचं पोर रंगीत नकाशावरून "आई, वीस मिनिटं थांबू या" असं सांगतं तेव्हा त्याच्या आवाजाला काय वजन येतं बघा.

संग्रहालयाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण पावसात पहिला विचार त्याचाच येतो. अडचण अशी की तो सगळ्या शहराला एकाच वेळी येतो. मी स्वतः एकदा परक्या शहरात पावसात दीड तास रांगेत उभी राहून एका नामांकित संग्रहालयात शिरले होते. आत काय पाहिलं ते मला आज सांगता येणार नाही. आठवते ती समोरच्या माणसाच्या रेनकोटची पाठ आणि ओल्या लोकरीचा वास. तेव्हा दार उघडतानाच पोचा, नाहीतर दुपार उलटून गेल्यावर जा. मधला वेळ गर्दीचा. वेळ ठरवून देणारं तिकीट मिळत असेल तर आदल्या रात्री काढून ठेवा. आणि साप्ताहिक सुट्टी तर तुम्ही आता जन्मात विसरणार नाही. युरोपात पुष्कळ संग्रहालयं सोमवारी बंद असतात, पॅरिसचं लूव्र मंगळवारी. म्हणजे एका शहरात जो वार शिकलात तो दुसऱ्या शहरात उपयोगी पडेलच असं नाही.

आत गेल्यावर सगळं बघायचं नाही. 1916 मध्ये बॉस्टनच्या कलासंग्रहालयातल्या बेंजामिन आइव्ह्स गिलमन यांनी संग्रहालयात येणाऱ्या थकव्यावर एक लेख लिहिला होता. त्यांनी एका माणसाला कपाटांसमोर उभं केलं, त्याला प्रश्न दिले आणि उत्तरं शोधताना त्याला कसं कसं वाकावं लागतं त्याचे फोटो काढले. खालच्या फळीवरची चिठ्ठी वाचायला तो कमरेतून मोडलेला, कोपऱ्यातली वस्तू दिसावी म्हणून मान तिरकी. शंभर वर्षं झाली, बऱ्याच ठिकाणी आपण अजून तसेच वाकतो. त्या सुदृढ माणसाची ही गत, तर 72 वर्षांच्या गुडघ्यांचं काय होत असेल? म्हणून दोन दालनं, फार तर तीन. प्रत्येकाने आपल्याला आवडलेली एकच वस्तू निवडायची आणि बाकीच्यांना तिथे नेऊन दाखवायची. पुष्कळ मोठ्या संग्रहालयांत चाकांची खुर्ची विनामूल्य मिळते, काही ठिकाणी घडीचं स्टूलही देतात. सासूबाई "मला काय धाड भरलीय" म्हणतील. तेव्हा आणून नुसतं जवळ ठेवा, तिसऱ्या दालनात त्या आपणहून बसतील. आणि ओले कोट, छत्र्या, पिशव्या दारातच जमा करा. पाच ओल्या छत्र्या हातात धरून कुणालाही कला कळत नाही.

हे सगळं झालं पावसापासून पळण्याचं. पण तुमच्या पत्रात एक गृहीतक आहे ते मला खुपलं, आणि ते तुमच्या एकटीचं नाही. पावसाचा दिवस म्हणजे खऱ्या दिवसाची बदली, दुय्यम, कसातरी भरून काढायचा. काही गोष्टी मुळात पावसातच बघायच्या असतात.

रोमचं पँथिऑन हे प्राचीन देऊळ घ्या. त्याच्या घुमटाला वर मधोमध सुमारे 9 मीटर रुंदीचं भोक आहे, त्यावर काच नाही, काही नाही. पाऊस सरळ आत येतो. संगमरवरी जमीन मधे किंचित फुगीर ठेवलेली आहे, जमिनीला बारीक छिद्रं आहेत, त्यातून पाणी निघून जातं. उन्हाच्या दिवशी प्रवासी ते भोक बघतात. पावसाच्या दिवशी 43 मीटर उंचीवरून पाण्याचा एक खांब उतरताना बघतात आणि त्याच्याभोवती गोल करून उभे राहतात. किंवा गॉथिक शैलीतल्या जुन्या, मोठ्या चर्चवरची ती वाकडीतिकडी दगडी जनावरं. त्यांतली गार्गॉइल म्हणतात ती खरी पन्हळ्या असतात. छपराचं पाणी भिंतीवर ओघळू नये म्हणून ती मान लांब काढून तोंडातून दूर फेकतात. कोरड्या दिवशी ती नुसती विद्रूप दिसतात. धो धो पावसात एकदम कामावर हजर होतात. तुमच्या मुलाला बाकी काही आठवलं नाही तरी ओकणारं दगडी जनावर नक्की आठवेल.

इटलीतल्याच बोलोन्या शहरात तर रस्त्यांच्या कडेने कमानींचे छतवाले पदपथ आहेत, सगळे मिळून 62 किलोमीटर. 2021 मध्ये ते जागतिक वारशाच्या यादीत गेले. त्यातली एक ओवरी जवळपास पावणेचार किलोमीटर लांब आहे, 666 कमानींची, थेट टेकडीवरच्या देवळापर्यंत. पॅरिसमध्ये एकोणिसाव्या शतकातल्या काचेच्या छताच्या गल्ल्या आहेत, तिथे पावसाचा आवाज डोक्यावर आणि पाय कोरडे. तुम्ही कुठल्या शहराला जाणार ते लिहिलेलं नाही आणि मी विचारतही नाही. पण जुन्या शहरांतून, विशेषतः पावसाच्या शहरांतून, लोकांनी न भिजता जाण्याच्या वाटा करून ठेवलेल्या असतातच. कुठे कमानी, कुठे झाकलेला बाजार, कुठे जमिनीखालचे रस्ते. हॉटेलच्या माणसाला "बघायला काय आहे" असं विचारू नका, तो तेच छापील पत्रक देईल. "पाऊस असला की तुम्ही कामावर कुठून चालत येता?" असं विचारा.

आणि भुयारी रेल्वेला कमी लेखू नका. स्टॉकहोममध्ये 100 स्थानकांपैकी 90 हून अधिक ठिकाणी चित्रं, शिल्पं, रंगवलेले कातळ आहेत. मॉस्कोतली 1935 पासूनची जुनी स्थानकं राजवाड्यासारखी सजवलेली आहेत. दिवसभराचा एक पास, प्रत्येक स्थानकावर पाच-दहा मिनिटं, सरकते जिने, लिफ्ट, बाकं. सासूबाईंसाठी याहून सोयीचं प्रदर्शन नाही. रेल्वेत बघण्यासारखं काही नसेल तर बस किंवा ट्रामचा सगळ्यात लांबचा मार्ग घ्या, शेवटच्या थांब्यापर्यंत जा आणि त्याच गाडीने परत या. उतरायचं नाही. ओघळणाऱ्या काचेतून शाळा सुटलेली दिसते, भाजी घेणारी माणसं दिसतात, कुणाचं तरी उडालेलं वर्तमानपत्र दिसतं. प्रेक्षणीय स्थळांच्या दिवशी यातलं काही दिसत नाही.

सार्वजनिक ग्रंथालय हा माझा हुकमी पत्ता. तिकीट नाही, रांग नाही, किती वेळ बसलात विचारायला कुणी येत नाही. हेलसिंकीचं ऊडी ग्रंथालय 2018 मध्ये उघडलं, तिथे पुस्तकांबरोबर शिवणयंत्रं आणि थ्रीडी प्रिंटरही आहेत, आणि मुलांसाठी प्रशस्त जागा. सगळीकडे एवढा थाट नसतो. पण चित्रांची पुस्तकं कुठल्याही भाषेतली वाचता येतात, आणि चौदा वर्षांच्या मुलीला आईवडिलांपासून चार टेबलं लांब बसायला मिळणं ही त्या दिवसातली सगळ्यात मोठी भेट असू शकते.

मुलीचा विषय निघालाच आहे. ती इअरफोन लावून गप्प होती हे तुम्ही तक्रारीच्या सुरात लिहिलंय. मला तर त्या पाच जणांत तीच शहाणी वाटली. भांडली नाही, रडली नाही, आपली सोय लावून घेतली. पुढच्या वेळी तिला संध्याकाळ द्या. पाऊस थांबल्यावर, आकाश अजून पुरतं काळं झालेलं नसताना आणि दिवे लागलेले असताना अर्धा तास रस्ते आरशासारखे होतात. फोन जमिनीलगत, साचलेल्या पाण्याला जवळजवळ टेकवून धरायचा आणि फोटो काढायचा. तिच्या वडिलांना सोबत पाठवा. त्या दोघांनी बोललंच पाहिजे असं काही नाही.

मुलासाठी एक खेळ सांगते, हा खोलीतून करायचा. सामानात डबाभर मैदा टाका. अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये विल्सन बेंटली नावाचा शेतकरी होता, हिमकणांच्या फोटोंसाठी प्रसिद्ध. त्याने पावसाच्या थेंबांचीही मापं घेतली आणि 1904 मध्ये ती छापली. रीत अगदी घरगुती. ताटलीत मैद्याचा बोटाच्या पेराएवढा थर चाळून घ्यायचा, दाबायचा नाही. वर दुसरी ताटली झाकून हात खिडकीबाहेर काढायचा, दोन-तीन सेकंद झाकण सरकवायचं आणि लगेच आत. प्रत्येक थेंबाची एक गोळी होते. तासाभराने गोळ्या सुकल्या की हलक्या हाताने चाळून काढायच्या आणि पट्टीवर मांडायच्या. सरीच्या गोळ्या वाटाण्याकडे झुकतात, भुरभुरीच्या मोहरीहून लहान. पाच-सहा मिलिमीटरहून मोठी सहसा मिळणार नाही, कारण एवढा मोठा थेंब पडता पडता फुटतो. जाता जाता त्याला हेही सांगा की थेंब अश्रूसारखा वर निमुळता असतो ही चित्रकारांची थाप आहे. बारीक थेंब गोल असतो आणि मोठा खालून चपटा, पावासारखा. मैदा गालिच्यावर सांडेल. खाली टॉवेल पसरा, आणि सांडलाच तर सफाई करणाऱ्या बाईंना आपणहून सांगा.

आता यजमान. "पावसात कोण फिरतं?" नॉर्वेतल्या बर्गन शहरात वर्षातले 200 हून अधिक दिवस पाऊस पडतो आणि तिथली माणसं काही 200 दिवस घरात बसत नाहीत. हे तुम्ही त्यांना जरूर सांगा, पण वाद जिंकण्यासाठी नको. मला त्या वाक्यात दुसरंच ऐकू येतं. दोन दिवस सकाळी सातला उठवून फिरवलेला माणूस तिसऱ्या दिवशी पावसाचं नाव पुढे करून झोप मागत असेल. तुम्हालाही ती हवी असेल. चार दिवसांच्या सहलीत अर्धा दिवस कुणीच काही करायचं नाही, असं आधीच लिहून ठेवा आणि तो पावसाला बहाल करा. पाऊस पडलाच नाही तर तो अर्धा दिवस फुकटात मिळाला.

काही बारीकसारीक. प्रत्येकाचे जास्तीचे मोजे पिशवीत, प्लास्टिकमध्ये गुंडाळून. त्या दिवशीचं निम्मं भांडण एका ओल्या मोज्याचं होतं असा मला दाट संशय आहे. बूट भिजले तर आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दोन तासांनी बदला. हीटरजवळ ठेवू नका, चामडं तडकतं. सासूबाईंना छत्री नको, रेनकोट द्या, म्हणजे दोन्ही हात कठड्याला मोकळे राहतील. मोठ्या इमारतींच्या दारातली गुळगुळीत फरशी ओली असते, तिथे सगळ्यात जपायचं.

आणि एक गंभीरपणे. रस्त्यावरून वाहणारं पाणी घोट्यापर्यंतच तर आहे, असं म्हणून त्यातून जाऊ नका. 15 सेंटिमीटर खोलीचा जोराचा प्रवाह धडधाकट माणसाला पाडू शकतो, 30 सेंटिमीटर पाण्यात छोटी गाडी वाहून जाऊ शकते. शिवाय पाण्याखालचं उघडं गटार दिसत नाही. पाणी भरणाऱ्या भुयारी रस्त्यात गाडी घालणारा टॅक्सीवाला कितीही आत्मविश्वासाने बोलत असला तरी उतरा. विजा असतील तर शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास मोकळ्यावर जायचं नाही. सरकारी इशारा असेल त्या दिवशी मुक्काम हॉटेलवरच.

तुमचं चुकलं का? एक गोष्ट चुकली, पण तुम्ही विचारताय ती नाही. ठिकाणं तुम्ही शोधली, वेळा तुम्ही लावल्या, आणि बाकी चौघांनी फक्त मत दिलं. एकटीनेच सगळं आखलं की पाऊसही एकटीच्या अंगावर येतो. पुढच्या वेळी संग्रहालयाची वेळ आणि सुट्टीचा वार बघायचं काम मुलीकडे, रडार मुलाकडे, रेल्वेचा नकाशा यजमानांकडे. दार बंद निघालं तर मुलगी वैतागेल, पण तुमच्यावर नाही.

राहता राहिल्या सासूबाई. त्यांनी सांगितलं होतं, "मी इथेच खिडकीत बसते." तुम्ही त्यात रुसवा ऐकलात. मला वाटतं त्यांनी त्या दिवसाचा आपला बेत सांगितला होता. आयुष्यभर पाऊस म्हणजे वाळत घातलेले कपडे आत आणणं आणि शाळेतून भिजून येणाऱ्या पोरांची डोकी पुसणं असं ज्यांनी केलं, त्यांना एका अनोळखी रस्त्यावरचा पाऊस हातात काही काम नसताना बघायचा असेल. पाचही जणांनी प्रत्येक ठिकाणी एकत्रच असायला हवं असा काही नियम नाही. त्यांचा फोन चार्ज करून द्या, हॉटेलच्या खालच्या माणसाला सांगून ठेवा, दोन तासांनी एकदा विचारा, आणि जा.

तेवढं एक करा. हॉटेल नक्की करताना एक ओळ लिहून पाठवा की खोली रस्त्याच्या बाजूची हवी आणि खिडकीशी खुर्ची हवी. मागच्या वेळी ती खिडकी कुठल्या बाजूला उघडत होती, आठवतंय तुम्हाला? आठवत नसेल तर आज संध्याकाळी त्यांना विचारा. त्यांना नक्की आठवत असेल.